खराब फोटो आणि हुकमाचा गडी

संगणकातलं मला सगळं कळतं. फक्त तो चालू करायला सूनबाई लागते. तर ऐका.

संगणक गिरणीसारखा घरघरायचा तेव्हाची गोष्ट. त्यात शेल नावाचा एक गडी राहायचा. मालकानं लिहिलेला हुकूम वाचायचा आणि पाळायचा, एवढंच त्याचं काम. एकदा हुकूम आला: ‘टाकाऊ’ पिशवी उघड, आत ज्याचं नाव असेल त्याला फेकून दे. शेलनं पिशवी उघडली. आत एकच नाव होतं, ‘खराब फोटो’.

पण नावात मधे मोकळी जागा दिसली, तशी शेलनं त्याची दोन नावं केली. ‘खराब’ नावाचं कुणी सापडेना. मग त्यानं ‘फोटो’ची मानगूट धरली. हे बिचारं फोल्डर सगळ्या घराचे फोटो सांभाळायचं.

“अरे, मी काय केलं?” फोल्डर किंचाळलं.

कोपऱ्यात अवतरणचिन्हांची जोडी रिकामी बसली होती. ती म्हणाली, “मालकानं आम्हाला पिशवीच्या दोन्ही बाजूंना उभं केलं असतं, तर नाव फुटलं नसतं.”

“नाही ना केलं? मी लिहिलंय तेवढंच करतो,” शेल गुरगुरला. “माझी चूक काढणारा अजून जन्मायचाय!”

तेवढ्यात खुद्द ‘खराब फोटो’ छाती पुढे काढून आडवा आला.

“शेलदादा, हुकूम आहे तो मला फेकायचा. मी इथं धडधाकट उभा, आणि तू शेजाऱ्याची मान आवळतोयस. एवढा हुकमाचा पक्का आहेस, तर मला एकदा अख्ख्या नावानं हाक मारून दाखव!”