नावाड्याच्या दाढीचा फेस

नदीकाठच्या एका गावात एक नावाडी आणि त्याची बायको राहत होती. नावाडी कष्टाळू, पण भारी तोऱ्याचा. रोज उजाडताच तो कडक साबणाची वडी, ब्रश आणि वस्तरा घेऊन अंगणात बसे, स्वतःच्या हाताने घोटून दाढी करी आणि मगच नाव पाण्यात लोटी. "दुसऱ्याचा वस्तरा माझ्या गळ्याला कधी लागला नाही," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. कुणी विचारलेलं नसे, तरी सांगे.

एके वर्षी त्याच्या अंगावरून वारं गेलं. जिवावरचं हातावर निभावलं, पण उजवा हात लुळा पडला. नाव पुतण्या चालवू लागला. त्याचं त्याला फार वाटलं नाही. पण दाढी वाढली, तसा तो घराबाहेर पडेनासा झाला. संध्याकाळी देवळाच्या पारावर त्याच्या वयाची चार माणसं जमत, तिथेही जाईना. "असल्या अवतारात जाऊ?" म्हणे आणि भिंतीकडे तोंड करून पडून राही. दोन घास खाऊन ताट सारी. असाच झिजून हा माणूस जायचा, अशी बायकोला भीती वाटे. गावात न्हावी नव्हता. पलीकडच्या गावचा पंधरा दिवसांनी येई, तर हा त्याला दारातूनच परत पाठवी.

शेवटी एका सकाळी ती म्हणाली, "अहो, मी करू का दाढी?"

"तू? ते काय बायकांचं काम आहे? गावाला कळलं तर तोंड लपवायला जागा उरायची नाही."

"तोंड तर आत्ताच लपवून बसलाय."

नावाडी उठून बसला.

बायकोने साबणाच्या वाटीत भरपूर पाणी ओतलं आणि ब्रश घुसळला. फेस असा वर आला, की वाटीबाहेर सांडला. बाई खूश! पण तो फेस म्हणजे नुसते बुडबुडे. वस्तरा हातात घेईपर्यंत निम्मे फुटले, उरलेलं पाणी गळ्यावरून सदऱ्यात गेलं आणि कोरड्या गालावर वस्तरा अडकला. रक्त आलं.

"अगं, मारतेस का मला!" नावाडी ओरडला.

"मग फेस कसा करायचा ते सांगा ना."

चाळीस वर्षं नावाड्याचा हात आपोआप चालला होता. हात काय करतो, हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. "करायचो. होत असे," तो पुटपुटला.

दुसऱ्या दिवशी तिने पाणी जवळजवळ घातलंच नाही. साबण चुन्यासारखा गालावर थापला गेला, वस्तरा पुन्हा अडला आणि पुन्हा रक्त आलं. "आता या घरात वस्तरा काढायचा नाही!" नावाडी म्हणाला आणि भिंतीकडे वळला.

बायको डोळे पुसत चुलीपाशी गेली. भूक कुणासाठी थांबत नाही, म्हणून तिने परातीत ज्वारीचं पीठ घेतलं. थोडं गरम पाणी घातलं, मळलं. पुन्हा पाण्याचा हात लावला, पुन्हा मळलं. आणि एकदम तिचा हात थांबला. पिठात आपण कधी तांब्या उपडा करतो का? कोरडं पीठ तरी कधी थापतो का? गावात तिच्या भाकरीसारखी भाकरी नव्हती, आणि दाढी पुरुषांचं काम म्हणून तिने आपलीच अक्कल चुलीपाशी ठेवली होती!

पीठ झाकून ती परत आली. साबणाच्या वडीवर तिने गरम पाण्याचे चार थेंब टाकले आणि वडी मुरू दिली. तोवर ओल्या गरम फडक्याने नवऱ्याचे गाल शेकले. तो कुरकुरला, तिने ऐकलं नाही. मग भिजलेला ब्रश चांगला झटकून तिने वडीवर गोल गोल फिरवला, केस साबणाने भरेपर्यंत. तोच ब्रश मग गालावर फिरवू लागली. कोरडं वाटलं की टोक तेवढं पाण्यात बुडवायचं आणि पुन्हा फिरवायचं.

"किती वेळ लावतेस?"

"भाकरीला लागतो तेवढा."

हळूहळू फेस आला. बुडबुडा एक नाही. घट्ट, चकचकीत, दह्यावरच्या सायीसारखा. नावाड्याने डाव्या हाताचं बोट गालाला लावून पाहिलं आणि त्याचे डोळे भरून आले. "हाच," तो म्हणाला. "असाच व्हायचा." वस्तरा गालावरून अलगद उतरला. कुठे ओरखडाही नाही. त्या दिवशी नावाडी दीड भाकरी जेवला.

संध्याकाळी तो काठी टेकत पारावर गेला. तिथे गावचा म्हातारा सोनार बसला होता. त्याची जीभ त्याच्या हत्यारांपेक्षा धारदार.

"काय गड्या, गाल अगदी तुळतुळीत! पलीकडचा न्हावी आला होता वाटतं?"

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पण नावाडी म्हणाला, "नाही. माझ्या बायकोने केली. आणि खरं सांगू? माझ्यापेक्षा बरी केली."

सगळा पार हसला. सोनार तर खोकला येईपर्यंत हसला. नावाड्याचे कान तापले, पण तो उठला नाही. दिवेलागणीपर्यंत बसून, चार गप्पा मारून मगच घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात सोनार उभा. हनुवटीवर वस्तऱ्याच्या तीन ताज्या जखमा. हातात साबणाची वाटी, आणि हात असा थरथरत होता, की वाटीत ब्रश खुळखुळत होता. नावाड्याकडे त्याने पाहिलंच नाही.

"वहिनी," तो खाली बघत म्हणाला, "ते फेसाचं तेवढं आमच्या हिला शिकवाल का?"

तात्पर्य काय, तर साबण कडक असो की माणूस, तांब्याभर पाणी ओतून कोणी मऊ होत नाही. पाण्याचा हात लावत, न कंटाळता घोळवावं लागतं.