आधी पाणी

डोंगरमाथ्यावरची जुनी गावं दाखवत फिरणाऱ्या रेवती कुळ्येला एकच कुतूहल असे. पाखाडीच्या तीनशे दगडी पायऱ्या चढून आल्यावर माणूस पहिला शब्द कोणता काढतो?

त्या दिवशी सहलीत खरवंडीकरसाहेब होते. पुढच्या सहलींच्या यादीत कोणती गावं ठेवायची, हे तेच ठरवणार होते. धापा टाकत ते रेवतीच्या अंगणात पोचले आणि म्हणाले, "पाणी."

रेवतीच्या आईने रिवाजाप्रमाणे गूळ आणि तांब्या पुढे केला. साहेबांनी जाडजूड काठी भिंतीला टेकवली आणि तांब्या घटाघटा रिकामा केला. दम परत आला, तसा तोराही परत आला.

"समुद्र खाली, विहीर खाली आणि घरं वर. तुमच्या पूर्वजांना अक्कलच नव्हती. हे गाव यादीतून काढा."

रेवतीने दुसरा तांब्या भरून त्यांच्या हातात दिला. मग म्हणाली, "साहेब, पूर्वी गलबतांतून लुटारू यायचे. हीच पाखाडी चढायचे. वर पोचल्यावर तेही आधी पाणीच मागत असणार."

"मग?"

"मग काय, तुमची काठी कुठे आहे बघा."

साहेबांचे दोन्ही हात तांब्याला होते. काठी रेवतीच्या आईच्या हातात होती, आणि गाव यादीत राहिल्यावरच ती परत मिळाली.