झाडांना वाचून दाखवलेला हुकूम

“माझा हात फिरला की खडकावरसुद्धा केस उगवतात!” राजा रणधवलाचा न्हावी हैबती चारचौघांत सांगायचा. मग टाळू खाजवायला पागोटं काढायचा, आणि खालून निघायचं तुळतुळीत टक्कल. “हा घरचा खडक,” तो म्हणायचा. “इथे हात फिरवायला फुरसतच मिळाली नाही.”

अशा या हैबतीवर एका सकाळी राज्यातले आंबे वाचवायची पाळी आली.

त्याचं झालं असं. रणधवलाचं राज्य म्हणजे खाली समुद्रकिनारा, मध्ये घाटमाथा आणि पलीकडे देश. राजधानी देशावर. गेल्या वसंतपंचमीला राजाने दरबार भरवला आणि सिंहासनावर उभं राहून जाहीर केलं, “आज आमच्या राज्यात वसंत आला!”

किनाऱ्याचा खोत हळूच म्हणाला, “आमच्याकडे कधीच आलाय, महाराज. आता बारक्या कैऱ्यासुद्धा धरल्या.”

घाटमाथ्याचा नाईक अंगावरचं कांबळं ओढून म्हणाला, “आमच्याकडे अजून निघालाच नाही, महाराज. माणसं शेकोटीपाशी बसलीत त्याची वाट बघत.”

राजाचा चेहरा पडला. म्हणजे हा वसंत आमच्याच राज्यात शिरतो, आणि आम्हाला मुजरा करायच्या आधी खालच्या गावात जेवून येतो?

हुकूम सुटला. पुढल्या सालापासून वसंत सगळीकडे एकाच दिवशी येईल, पंचमीला, गडावरचा नगारा वाजल्यावर! नगाऱ्याआधी जे झाड मोहोरेल ते राजद्रोही. मुळासकट तोडायचं!

दवंडीवाल्याने आमराईआमराईत उभं राहून झाडांना हा हुकूम दोनदा वाचून दाखवला. झाडांनी हरकत घेतली नाही. प्रधानजींनी ती संमती धरली.

साल फिरलं. पौषातच किनारा मोहोराने गच्च भरला. गडावर कुऱ्हाडींना धार लागली. लाकूडतोडे दुपारी घाट उतरणार होते.

हैबतीची बायको सगुणी किनाऱ्याकडची. भाकरी थापता थापता तिने विचारलं, “राजाच्या गळ्याशी रोज वस्तरा धरता ते तुम्हीच ना?”

“मीच की!”

“मग तेवढ्या वेळात तोंड काय करतं?”

“गप्प बसतं. गळा राजाचा असतो.”

“माझ्या आप्पांच्या दारात शेंदऱ्या आंबा आहे. माझा पाळणा त्याच्याच फांदीला बांधला होता. तो पडला, तर या घरात भाकरी थापायला कोणी उरणार नाही. सांगून ठेवते.”

हैबतीने वस्तऱ्या-कात्र्यांची धोकटी उचलली.

गडावर त्याने राजाचे गाल भिजवले, वस्तरा चामड्यावर घासला, राजाच्या कानशिलापाशी आणला आणि तिथेच थांबला.

“महाराज, अभय असेल तर एक बोलू?”

“अभय नाही. बोल.”

“राज्यात आणखी एक राजद्रोही सापडलाय. आंब्यांच्याही आधीचा.”

राजा ताठ बसला. “कोण तो?”

“म्हातारपण, महाराज! खुशाल आत शिरलंय. ना नगारा, ना मुजरा.”

“कुठे शिरलंय?”

“सगळ्यात आधी कानशिलांवर. हा झाला आपला किनारा. इथला पांढरा मोहोर केव्हाचाच. मग हनुवटी, म्हणजे देश. तिथे गेल्या दिवाळीपासून. भुवया म्हणजे घाटमाथा, तिथे अजून सगळं काळंभोर. आणि मिशांना तर मी दर आदितवारी कलप...”

“हळू!” राजाने दाराकडे पाहिलं. “पलीकडे राणीसाहेब आहेत!”

“हळू तर हळू.” हैबतीने आवाज उतरवला, वस्तरा नाही उतरवला. “महाराज एक, अंग एक, ताटही एक. तरी म्हातारपण काही एका दिवशी आलं नाही. आता हुकूम तो हुकूम! कुऱ्हाडी दुपारी निघतील, वस्तरा इथेच आहे. आधी डावं कानशील उतरवू की उजवं?”

“उतरवू म्हणजे?”

“मुळासकट, महाराज. मध्ये कान येतो खरा. पण राजद्रोह्याच्या शेजाऱ्याने थोडं सोसायला हवं.”

राजाने आरशात पाहिलं. वस्तरा कानाला गार लागत होता.

“आणि समज, सगळीकडे एकाच दिवशी आलं असतं तर?”

“तर सकाळी उठून थोरले महाराज समजून आपण आरशालाच मुजरा केला असतात!”

हैबतीने दम घेतला.

“वसंताचंही तसंच आहे, महाराज. एकदम आला तर मेजवानी एक. सावकाश येतोय तर आपणही त्याच्या मागोमाग निघावं. किनाऱ्याला मोहोर बघावा, देशावर पळस बघावा, घाटमाथ्याची थंडी सरली की तिथे करवंदीची फुलं बघावी. पंगती तीन!”

राजाने आरशातून हैबतीकडे रोखून पाहिलं. हैबतीला वाटलं, संपलं आपलं. आणि राजा असा काही हसला, असा गदगदून हसला, की हैबतीच वस्तरा घेऊन मागे पळाला. “हसू नका महाराज! कान! कान!”

कुऱ्हाडी कोठारात परत गेल्या. हुकूम मोडीत निघाला. दवंडीवाल्याला पुन्हा आमराईत पिटाळलं, झाडांना माफी वाचून दाखवायला.

राजाने खुंटीवरचं स्वतःचं जरीचं पागोटं काढलं. “घे हैबत्या, हे तुला! आणि आमच्या वसंताच्या स्वारीत तूही चल. बायकोलाही घे, माहेरी उतरेल.”

हैबतीला आनंद मावेना. त्याने झटकन आपलं जुनं पागोटं उतरवलं आणि मान खाली घातली. खिडकीतलं ऊन टकलावर पडलं आणि सगळा महाल उजळला.

राजा हातात पागोटं घेऊन तिकडे निरखून पाहत राहिला.

“किनारा झाला, देश झाला, घाटमाथाही झाला,” तो म्हणाला. “या इलाख्यात वसंत कधी यायचा रे, हैबत्या? की इथे आमचे लाकूडतोडे आधीच येऊन गेले?”