किनारा नाकारलेली माणसं

फार जुन्या काळी चीन देशाच्या दक्षिणेला, नदीच्या मुखाशी, एक श्रीमंत शहर होतं. तिथल्या पाण्यावर होडीतच जन्मणारी आणि होडीतच मरणारी माणसं राहत. शहराला मासळी तीच देत, प्रवाशांना पैलतीरी तीच नेत. पण त्यांनी किनाऱ्यावर घर बांधायचं नाही, असा कायदा होता. का? ते कुणालाच सांगता आलं नसतं.

एका वर्षी बांध फुटला. शहर पाण्यात गेलं. लोक छपरांवर चढून हाका मारू लागले.

होडीवाल्यांत आलान नावाची एक विधवा होती. किनाऱ्यावर झोपडी घातली म्हणून पहारेकऱ्यांनी तिच्या नवऱ्याला मारलं होतं. त्यातच तो गेला होता.

"बुडू देत!" तिचा दीर म्हणाला.

"छपरांवर पोरं आहेत, भावजी," असं म्हणून तिनं वल्हं उचललं. मग सगळ्याच होड्या निघाल्या.

तिनं वाचवलेल्यांत शहराचा मुख्य अधिकारीही होता. तो थंडीनं कुडकुडत होता. तिनं आपली गोधडी त्याच्या अंगावर टाकली, उरलेली गरम पेज त्याला पाजली.

पाणी ओसरलं. या धावपळीत आलानची होडी फुटली होती, म्हणून लेकीला घेऊन तिनं काठावर चटयांचा आडोसा केला. शिपायांनी तो मोडून टाकला. संतापलेली आलान थेट अधिकाऱ्यासमोर उभी राहिली.

"मायबाप, माझ्या होडीत बसलात, माझी पेज प्यालात. तेव्हा नाही कायदा आठवला?"

त्यानं मान वर केली नाही. "तेव्हा संकट होतं. आज तुला राहू दिलं, तर उद्या सगळेच वर येतील."

"मग येऊ देत की! माणसंच आहोत ना आम्ही?"

त्यानं खूण केली. शिपायांनी तिला फरफटत बाहेर चिखलात टाकलं.

दिरानं मायलेकींना आपल्या होडीत घेतलं. त्याच दिवशी एकूण एक होडी शहर सोडून निघाली.

बाजारात मासळी येईना. पैलतीरावरचं धान्य तिथेच सडलं. व्यापारी निघून गेले. अखेर अधिकाऱ्यानं दूत धाडला, "परत या, बक्षीस देतो."

आलाननं विचारलं, "घर बांधू द्याल?"

"तेवढं सोडून काहीही मागा," दूत म्हणाला.

"मग जा," ती म्हणाली. होड्या आणखी दूर गेल्या, आणि ते शहर हळूहळू ओस पडलं.

ज्यांच्या हातून आपला जीव वाचवून घेतला, त्यांनाच जागा नाकारणं, याहून मोठा नीचपणा नाही.