स्प्रूसच्या डोक्यावर कानटोपी

फार जुनी नाही हं ही गोष्ट. मी तुझ्याएवढी होते ना, तेव्हाची. आम्ही पाचगणीला राहायचो, एका शाळेच्या बागेत. माझे तात्या त्या बागेचे माळी.

बागेत होतं एक इवलंसं झाड. स्प्रूसचं झाड. दूरच्या बर्फाच्या डोंगरातून आलेलं, कुंडीत बसून. त्याला रुंद पानं नव्हतीच. हिरव्या हिरव्या सुया होत्या. हात लावला की टुचुक!

तात्यांचं ते फार लाडकं. उन्हाळ्यात त्याच्यावर गोणपाटाची सावली. सकाळी अंगावर पाण्याचा फवारा, फुस्स फुस्स! बुडाशी पाचोळ्याची गादी. तरी वाढायचं वर्षाला वीतभर. तात्या म्हणायचे, "वाढेल, वाढेल. घाई कुणाला आहे?"

आणि झाडाच्या शेंड्यावर कोण बसायचं? वटवट्या! एवढुस्सा पक्षी. तात्यांच्या अंगठ्याएवढा. शेपटी मात्र लांबच लांब. रोज सकाळी शेंड्यावर बसून गायचा, "टिवी टिवी टिवी!" त्याशिवाय आमची सकाळच व्हायची नाही.

मग आली थंडी. काय थंडी असायची बाई तेव्हा! दात कडकड, कडकड. सगळ्यांनी कानटोप्या घातल्या. आणि तात्यांनी काय केलं? आपली लाल कानटोपी काढली आणि झाडाला घातली! खाली बटणसुद्धा लावलं. टच्च!

"लेकरू आहे. गारठेल," तात्या म्हणाले. स्वतःचे कान लालेलाल.

हसू नकोस. खरंच घातली.

सकाळी आला वटवट्या. बघतो तर काय? शेंडा गेला टोपीत! आतून बारीक आवाज आला, "ऊं ऊं ऊं! माझा शेंडा वाकला. असाच राहिला तर मी वाकडंच वाढेन."

वटवट्यानं टोपी चोचीत धरली. ओढली, ओढली, ओढली. टोपी हलेना.

निघाला वटवट्या. टुण टुण, भुर्र!

गेला तात्यांकडे. तात्या शेकोटीपाशी बसले होते.

"तात्या तात्या, टोपी काढा!
शेंडा काही सुटेना!"

तात्या म्हणाले, "छे बाबा! आधी ऊन येऊ दे, मग मी टोपी काढीन."

टुण टुण, भुर्र! गेला उन्हाकडे. ऊन डोंगरामागे लपलं होतं.

"ऊन ऊन, बागेत ये!
तात्या टोपी काढेनात,
शेंडा काही सुटेना!"

ऊन म्हणालं, "छे बाबा! आधी धुकं हटू दे, मग मी येईन."

टुण टुण, भुर्र! गेला धुक्याकडे. धुकं बागेत लोळत होतं. आळशी मेलं!

"धुकं धुकं, बाजूला हो!
ऊन काही येईना,
तात्या टोपी काढेनात,
शेंडा काही सुटेना!"

धुकं म्हणालं, "छे बाबा! आधी वारा उठू दे, मग मी हटेन."

टुण टुण, भुर्र! गेला वाऱ्याकडे. वारा दरीत झोपला होता. घुर्र, घुर्र!

"वाऱ्या वाऱ्या, ऊठ की रे!
धुकं काही हटेना,
ऊन काही येईना,
तात्या टोपी काढेनात,
शेंडा काही सुटेना!"

वारा म्हणाला, "छे बाबा! आधी घंटा वाजू दे, मग मी उठेन." आणि या कुशीवरून त्या कुशीवर वळला.

टुण टुण, भुर्र! गेला शाळेच्या घंटेकडे. घंटा गप्प लटकत होती.

"घंटे घंटे, वाज की गं!
वारा काही उठेना,
धुकं काही हटेना,
ऊन काही येईना,
तात्या टोपी काढेनात,
शेंडा काही सुटेना!"

घंटा म्हणाली, "छे बाबा! आधी मावशीला दोरी ओढू दे, मग मी वाजेन."

टुण टुण, भुर्र! गेला सारजामावशीकडे. शाळेची घंटा तीच वाजवायची. बसली होती गोधडी गुंडाळून. नुसतं नाक बाहेर!

"मावशी मावशी, दोरी ओढ!
घंटा काही वाजेना,
वारा काही उठेना,
धुकं काही हटेना,
ऊन काही येईना,
तात्या टोपी काढेनात,
शेंडा काही सुटेना!"

मावशी म्हणाली, "छे बाबा! आधी चूल पेटू दे, चहा होऊ दे, मग मी दोरी ओढीन. चहाबिगर माझा हात हलत न्हाई!"

टुण टुण, भुर्र! गेला चुलीकडे. आता वटवट्या दमला होता. पंख दुखत होते. तरी म्हणाला,

"चुली चुली, पेट की गं!
मावशी दोरी ओढेना,
घंटा काही वाजेना,
वारा काही उठेना,
धुकं काही हटेना,
ऊन काही येईना,
तात्या टोपी काढेनात,
शेंडा काही सुटेना!"

चूल म्हणाली, "छे बाबा! आधी वाळलं गवत मिळू दे, मग मी पेटेन."

वाळलं गवत? कुठलं वाळलं गवत! सगळीकडे दव. हे गवत ओलं. ते गवत ओलं. पाचोळासुद्धा ओलाचिंब.

सगळ्या बागेत एकच गोष्ट कोरडी होती. वटवट्याचं घरटं. शाळेच्या छपराच्या पत्र्याखालच्या झुडपात, मऊ मऊ गवताचं. पिल्लं मोठी होऊन कधीच उडाली होती. घरटं रिकामंच होतं. पण त्याचं होतं ना ते!

वटवट्या घरट्यात बसला. मऊ गवतात चोच घासली.

मग त्यानं एक काडी उचलली. टुण टुण, भुर्र! दुसरी उचलली. टुण टुण, भुर्र! सगळं घरटं नेऊन चुलीपाशी ठेवलं.

आणि मग काय विचारतेस!

गवत मिळालं, चूल पेटली, धडधड धडधड!
चूल पेटली, चहा झाला, खदखद खदखद!
चहा झाला, मावशी प्याली, फुर्र फुर्र!
मावशीनं दोरी ओढली, घंटा वाजली, टण टण टण!
घंटा वाजली, वारा उठला, सूं सूं सूं!
वारा उठला, धुकं हटलं, पळालं दरीत!
धुकं हटलं, ऊन आलं, पिवळं पिवळं!
ऊन आलं, तात्या आले, बटण काढलं, टच्च!

सुटला, सुटला! शेंडा सुटला!

पण कसा? वाकडा. मान खाली घातलेला.

"अरे माझ्या कर्मा!" तात्या मटकन खाली बसले. "मायेपोटी मी तुझी मानच वाकवली की रे!"

झाड म्हणालं, "तात्या, मी थंडीतलंच बाळ. मला गारठाच गोड लागतो."

"मग काल का नाही बोललंस?"

"बोललो की! पण तोंड टोपीत होतं ना!"

तात्या हसले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणीही आलं. मला दोन्ही दिसलं. मी तिथेच होते.

शेंडा एका दिवसात नाही हं सरळ झाला. आज थोडा, उद्या थोडा. रंगपंचमीला मात्र ताठ उभा! तेव्हा झाड वटवट्याला म्हणालं, "शेंडा तुझा. खालची फांदीही तुझी. बांध नवं घरटं." वटवट्यानं बांधलं. त्यात चार पिल्लं झाली. मी मोजली. आणि वटवट्या शेंड्यावर बसून इतका गायला, इतका गायला, की मावशी म्हणाली, "आता घंटा कशाला वाजवू?"

आता ते झाड शाळेच्या छपराहून उंच झालंय. मला त्या बागेची फार आठवण येते गं. थंडी पडली की जास्तच येते.

पण एक सांगते. त्या दिवसापासून तात्या आधी विचारायचे. गुलाबाला विचारायचे, "पाणी देऊ?" वेलीला विचारायचे, "काठी लावू?" मला विचारायचे, "वेणी घालू?" मी नको म्हटलं तर नाही घालायचे. अशीच मी मोठी झाले.

झाड गेलं वर वर, गोष्ट आली खाली.

आता मी तुला विचारते. सांग, कुशीत घेऊ?