लिंबू फुटता कामा नये

“…म्हणजे मग हीच घ्यायची ना, अक्का?”

धैर्यशीलनं हे विचारलं तेव्हा तो गाडीवरच बसलेला होता. खाली कसं उतरायचं याचा त्याला अजून अंदाज आला नव्हता.

अक्का मठाच्या पायरीवर शेंगा फोडत होत्या.

“आधी उतर तर खाली.”

“उतरतो… जरा कुणीतरी धरा.”

मीच धरली. मी एस.टी.तून निवृत्त झालेला कंडक्टर. टेकावरच्या या मठात पडेल ते काम करतो, सरबताचं पातेलं माझ्या ताब्यात असतं. अर्धं आयुष्य लोकांना ‘पुढं सरका’ म्हणण्यात गेलं, त्यामुळं बोलायला मी कुणाला भीत नाही. गाडी हातात आली आणि माझ्या कमरेत कळ गेली. गाडी कसली, रुसलेली म्हैसच ती. काळीभोर, तकतकीत, टाकी घागरीएवढी.

“मास्तर,” मी म्हटलं, “हिला वैरण किती लागते?”

धैर्यशीलनं माझ्याकडे बघितलंच नाही. तो आमच्या हायस्कुलात चित्रकला शिकवतो. लहानपणापासून दर गुरुवारी मठात येतो आणि स्वतःला अक्कांचा थोरला शिष्य समजतो. अक्का एक वाक्य बोलल्या की हा उठून आम्हाला त्याचा अर्थ सांगणार. अक्का ऐकून घेतात. त्यांनाही तो अर्थ नवाच असतो.

या खेपेला त्याचा अभ्यास मोटरसायकलींचा चालला होता. पहिलीच गाडी घ्यायची होती. गेले काही महिने त्यानं मोबाइलवर गाड्यांशिवाय दुसरं काही पाहिलं नव्हतं. लायसन नवं कोरं. चालवायला शिकला तो शाळेच्या मैदानावर, दोस्ताच्या मागं लागून. तो दोस्तही बरोबर आला होता. अभिनंदन चौगुले, तालुक्याला त्याचं गाड्यांचं दुकान आहे. काळी गाडी त्यानंच दिवसभरासाठी दिली होती, पसंत पडली तर घे म्हणून. तो स्वतः मागून आपल्या रोजच्या गाडीवर आला. लाल रंगाची साधी गाडी, बाजूला साडीची जाळी, हँडलला भाजीची पिशवी.

“अक्का, साडेतीनशे सीसी आहे,” धैर्यशील म्हणाला. “टॉर्क बघा हिचा. घाटात टॉप गिअरवर चढते. पुढच्या चाकालाही डिस्क, मागच्यालाही डिस्क. एबीएस आहे. मी सगळ्यांची तुलना केलीय. हिच्या तोडीची दुसरी नाही.”

अक्कांनी एक शेंग फोडली. दाणे सुपात टाकले.

“संपलं?”

“…संपलं.”

“सूनबाई कुठंय?”

तिथंच तर सगळं अडलं होतं, आणि ते आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं.

सुनयना, म्हणजे त्याची बायको, माहेरी गेली होती. दसऱ्याला तिला आणायची. दसरा परवावर आलेला. तिचे दोन्ही भाऊ उंच, तगडे, आणि दोघांकडे भल्या मोठ्या गाड्या. मागं एकदा आमच्या गावच्या जत्रेहून सासरवाडीला जायचं होतं, तर थोरल्या भावानं बहिणीला आपल्या गाडीवर घेतलं आणि जावयाला म्हणाला, “दाजी, तुम्ही या एस.टी.नं सावकाश.” दाजी आले सावकाश. आल्यावर सगळं घर हसलं. सुनयना नाही हसली, पण धैर्यशीलला ते फार लागलं. त्या दिवशी तो सासऱ्यांसमोर बोलून गेला की दसऱ्याला मी तिला माझ्या गाडीवरून नेणार.

आता शब्द दिला म्हणजे दिला.

“काय वेग होता त्याच्या गाडीला, सांगतो अक्का,” धैर्यशील म्हणाला. “मी सासरवाडीला पोचल्यावर सुनयनाला विचारलं, वाटेत आपल्या नदीवरचा नवा पूल बघितलास का? तर म्हणते, पूल? कुठला पूल? मी तर सगळी वाट डोळे गच्च मिटून बसले होते.”

त्यानं काळ्या गाडीच्या टाकीवर हात फिरवला.

“अशी गाडी पाहिजे.”

 अक्कांनी सुपातले दाणे एकदा पाखडले. फोलपटं उडाली ती माझ्या पायावर.

“कंडक्टर, लिंबू आण.”

इथं आमच्या मठाची रीत सांगायला हवी. पंचक्रोशीत नवी गाडी घरात न्यायच्या आधी टेकावर आणतात. इतर ठिकाणी चाकाखाली लिंबू ठेवतात आणि गाडी त्यावरून घालतात. लिंबू फुटलं की झाली पूजा. अक्कांना ते मान्य नाही. “लिंबाचं झाड मी लावलंय,” म्हणतात, “त्यानं कुणाचं काय घोडं मारलंय?” म्हणून इथं गाडी फाटकातून आत आणायची, पेरूच्या झाडाला वळसा घालायचा आणि पायरीजवळ ठेवलेल्या लिंबाला पुढचं चाक टेकवून उभी करायची. लिंबू फुटता कामा नये. नाही फुटलं तर अक्का गाडीला हार घालतात. फुटलं तर हार नाही, आणि गाडीवाल्यानं स्वतः झाडावर हात ओरबाडून घेत लिंबं काढायची, हजर असतील त्या सगळ्यांना सरबत पाजायचं.

त्यामुळं पारावर बसलेली मंडळी नेहमी कोणत्या बाजूची असतात, हे सांगायला नको.

या रीतीचाही अर्थ धैर्यशीलनं आम्हाला एकदा सांगितला होता. लिंबू म्हणजे अहंकार, म्हणाला. मी विचारलं, “मग तो फुटू द्यायचा का नाही द्यायचा?” आठवडाभर माझ्याशी बोलला नव्हता.

मी लिंबू ठेवलं.

धैर्यशील गाडीवर चढला. हेल्मेटचा पट्टा आवळला. गाडी सुरू झाली तशी पारावरच्या चिमण्या उडाल्या. पोरगं बुटकं आहे, वाईट म्हणून सांगत नाही, पण पायाचे अंगठे तेवढे जमिनीला लागत होते. फाटकातून ऐटीत आला. पेरूला वळसा घालताना गाडी एकीकडे आणि हा एकीकडे. कसाबसा सरळ झाला, क्लच सोडला, गाडीनं उडी मारली…

लिंबू फुटलं.

“साखर आहे का रे?” पारावरून कुणीतरी विचारलं.

“उतारामुळं झालं,” धैर्यशील म्हणाला.

दुसरं लिंबू ठेवलं. तेही फुटलं.

“फरशी गुळगुळीत आहे.”

तिसऱ्यालाही तीच गत झाली.

“अक्का, ही गाडी इतकं सावकाश जायला बनवलेलीच नाही,” तो घाम पुसत म्हणाला. “हिची खरी मजा वेगात.”

“मग दारात कशी थांबवायचास?”

“…अं?”

“घर आल्यावर. का तसाच म्होरं जाणार?”

पारावर हशा पिकला. धैर्यशीलचे कान लाल झाले. त्यानं इरेला पेटून गाडी पुन्हा फाटकाकडे वळवली. वळवता वळवता एक पाय टेकायला गेला तो पानांवरून सटकला. गाडी सावकाश कलू लागली. त्यानं हँडल धरून ठेवलं, दात आवळले, ‘नाही, नाही, नाही’ असं तिला समजावूनही सांगितलं. म्हशीला बसायचं असलं की ती बसतेच. गाडी आडवी झाली. हा बाजूला उभा राहिला होता, लागलं कुठं नाही.

उचलायला गेला. हलेना.

आम्ही पारावरचे सगळे उठलो तेव्हा ती उभी राहिली.

आता कुणी हसलं नाही. पोरगं हेल्मेट काढून पायरीवर बसलं. डोळ्यांत पाणी होतं. इतका वेळ चेष्टा करणारा मी, मलाही कसंसंच झालं.

“मी शब्द दिलाय अक्का,” तो म्हणाला. “परत एस.टी.नं गेलो तर ती काही म्हणणार नाही. पण तिचे भाऊ तिला गाडीवर घेतील, आणि मी मागून जाईन. मला ते नाही बघवत.”

अभिनंदन जरा चाचरतच म्हणाला, “धैऱ्या, माझी बघ की चालवून. शिकलास हिच्यावरच.”

“ती? दूध घालायला जायचंय का मला?”

अभिनंदननं हँडलची भाजीची पिशवी उगाच सरळ केली. गिऱ्हाईक आणि दोस्त, दोघांच्या मध्ये सापडलेला माणूस बोलणार काय.

अक्कांनी सूप बाजूला ठेवलं. पदर झटकला. गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि म्हणाल्या,

“चल. मी बसते मागं.”

सगळे बघतच राहिले. अक्कांचं वय विचारायची आमची टाप नाही, पण माझ्या आईला त्या ‘पोरी’ म्हणून हाक मारायच्या.

“अक्का, तुम्ही? …नको.”

“का रं?”

“पडाल.”

“कुठल्या गाडीवरनं?”

धैर्यशीलनं तोंड उघडलं…



पेरूवर पोपट आले होते. एकानं अर्धा खाल्लेला पेरू खाली टाकला.

“अर्थ काय सांगू नगंस,” अक्का म्हणाल्या. “मला बसायचंय. कुठल्या गाडीवर बसू, तेवढं सांग.”

त्यानं काळ्या गाडीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. एखाद्या आवडत्या पोरीचं लग्न दुसरीकडे ठरावं तसं बघितलं. मग अक्कांच्या पायांकडे बघितलं. काटकुळे, भेगाळलेले पाय, आणि खाली लोंबणारं नऊवारीचं टोक.

उठला. अभिनंदनच्या गाडीच्या हँडलवरची भाजीची पिशवी काढून त्यानं माझ्या हातात दिली.

“हिच्यावर बसा,” तो म्हणाला. आवाज बारीक झाला होता. “हिला जाळी आहे. पदर अडकायचा नाही.”

त्यानं आपलं हेल्मेट अक्कांना घातलं. स्वतःसाठी अभिनंदनचं घेतलं. अक्का जाळीवर पाय टेकून एका अंगानं बसल्या. डोक्यावर ते काळं हेल्मेट, कपाळावर मोठं कुंकू. मी हसलो असतो, पण पोराचं तोंड बघून नाही हसलो. एवढा सावध माणूस मी आयुष्यात बघितला नव्हता. दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकलेले. दोनदा मागं वळून विचारलं, “बसलात ना नीट?”

गाडी निघाली. आवाज शिलाई मशिनीएवढा.

फाटकातून आत आली. पेरूच्या झाडाजवळ ती इतकी हळू झाली की शेजारून कोंबडी पुढं गेली. पण तोल गेला नाही. वळसा अगदी गोल, त्याच्या वहीतल्या वर्तुळासारखा. मागून अक्कांचा आवाज आला,

“पेरू लई धरलाय रं यंदा. पोपट ठेवतील तवा खरं.”

“हूं,” धैर्यशील म्हणाला. त्याचं लक्ष लिंबाकडं होतं.

पारावरची मंडळी उभी राहिली होती. सरबत जातंय हे दिसत असूनही कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. मी भाजीची पिशवी छातीशी धरून उभा.

चाक आलं… आलं… लिंबाला लागलं.

लिंबू जरासं हललं आणि चाकाला टेकून राहिलं.

 कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवल्या. धैर्यशील मात्र तसाच बसून होता, दोन्ही पाय जमिनीवर, हात ब्रेकवर. हळूहळू त्याच्या तोंडावर हसू आलं. मघाचं ऐटीचं नव्हे. शाळेत पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिता आलं की पोर हसतं, ते.

“अभ्या,” तो म्हणाला, “अशीच आहे का रे नवी एखादी?”

“उद्या सकाळी ने. लाल पाहिजे का निळी?”

“…जाळी पाहिजे.”

मी हार आणला. अक्का अजून मागं बसूनच होत्या. उतरायची घाई दिसत नव्हती. बसल्या जागेवरून त्यांनी हार पुढं केला आणि धैर्यशीलनं तो हँडलला घातला. गाडी दुसऱ्याची होती, पण रीत ती रीत. उद्या नवीला घालू दुसरा, अक्का म्हणाल्या. काळ्या गाडीनं मात्र तीन लिंबं घेतली होती, ती काही माफ झाली नाहीत. पोरगं गेलं झाडाकडे, काटे टोचून घेत लिंबं काढून आणली, आणि आम्हाला सरबत मिळालंच. चांगलं झालं होतं. मीठ मी घातलं.

पेला हातात घेऊन तो अक्कांजवळ आला. काहीतरी टोचत होतं अजून.

“अक्का, सासरवाडीत हसतील. थोरला मेव्हणा तर नक्की विचारेल, एवढा अभ्यास करून हीच आणलीत का दाजी? काय सांगू त्याला?”

मला वाटलं, आता अक्का काहीतरी जोरदार उत्तर देतील आणि हा ते पाठ करून जाईल.

अक्का उतरल्या. हेल्मेट काढून त्याच्या हातात दिलं. वाकून ते न फुटलेलं लिंबू उचललं, पदरानं पुसलं आणि त्याच्या शर्टाच्या खिशात टाकलं.

“त्याला काय सांगू नगंस. घरी पोचलास की सूनबाईला इचार, पूल दिसला का.”