घाटाच्या पहिल्या पायरीवरचा सौदा

ऐका हो लहानथोर. फार फार जुन्या काळी नदीकाठी एक गाव होतं. गावाला अंदाज बांधायची भारी हौस. जुगार म्हटलं की सगळ्यांना राग यायचा; अंदाज म्हणायचं.

घाटाला होत्या दहा पायऱ्या. देवळातला गुरव सुपाऱ्या द्यायचा. ठरलेली गोष्ट घडली, तर सुपारीमागे दहा कवड्या. नाही घडली, तर बसा सुपारी चघळत. मधल्या वेळात सुपाऱ्यांची खरेदी-विक्री चाले. तीन कवड्या देणारा तिसऱ्या पायरीवर उभा राही, नऊ मागणारा नववीवर. घेणारे खालून चढत, विकणारे वरून उतरत. दोघं एका पायरीवर आले की सौदा! गुरव ढोल बडवून पायरीचा आकडा ओरडे, आणि घरोघरी लोक तो देवाचा कौल समजून ऐकत: जितकी वरची पायरी, तितकी गोष्ट पक्की.

एकदा पाटलांच्या लेकीचं लग्न निघालं, गोरज मुहूर्तावर. नवरदेव पैलतीरावरून होडीने यायचा. गावाने लगेच अंदाज मांडला: दिवस मावळायच्या आत होडी येईल का? सकाळी ढोल वाजला, "आठवी पायरी!" पाटील मिशीला पीळ देत म्हणाले, "येणारच."

दुपारी सगळं गाव जेवून आडवं झालं. पाटलीणबाईंचा उपास, म्हणून त्या तेवढ्या जाग्या. लेक गौरीहरापाशी बसलेली. तेवढ्यात ढोल वाजला, "पहिली पायरी!"

पाटील ताडकन उठले. "बुडाली! होडी बुडाली!"

"अहो, कुणी पाहिली?"

"पाहायला कशाला हवं? आठवरून एकावर आली!" आणि पाटील मांडवाचे खांब उपटायला धावले.

नणंदबाई टपूनच होत्या. "दादा, मुहूर्त फुकट कशाला घालवतोस? माझा बाळ्या आहे की." बाळ्या मुंडावळ्या बांधूनच उभा होता, हातात लाडू.

लेकीचे डोळे भरून आले. पाटलीणबाईंनी गौरीला हात जोडले. "माते, तू जरा माझ्या लेकीकडे बघ. मी घाटाकडे बघून येते."

घाट ओस पडला होता. वर गुरव, आणि खाली पाण्यात पाय सोडून बसलेला एक परीट.

"गुरवदादा, पहिली पायरी कुणी ठरवली?"

"ठरवतो कोण, बाई? जोशीबुवांना जिलबी खायची होती, म्हणून सुपारी विकायला आले. मंडळी जेवून झोपलेली, पायऱ्या सगळ्या रिकाम्या. एकेक उतरत पार खाली पोचले. तिथे हा परीट, 'एका कवडीला घेतो' म्हणून गंमत करत बसलेला. दोघं एका पायरीवर आले, मी ढोल बडवला."

पाटलीणबाई परटाला म्हणाल्या, "मग ती सुपारी मला दे एका कवडीला."

"वा हो वयनी! मी काय खुळा? साताला पण नाही द्यायचो."

"पण भाव तर एक आहे ना?"

"तो जोशीबुवांच्या पोटाचा भाव!"

पाटलीणबाईंनी पदर खोचला. पहिल्या पायरीवर उभ्या राहून हाक दिली, "कोण देतंय सुपारी?" विकणारे डोळे चोळत आले, पण आठवीच्या खाली एकही उतरेना. दुसरी, तिसरी, चौथी करत बाई धापा टाकत चढल्या, तेव्हा कुठे आठवीवर एक सुपारी मिळाली. गुरवाने ढोल बडवला, "आठवी पायरी!"

पाटील दोरखंड खांद्यावर घेऊनच पळत आले. "आली! होडी आली!"

"अहो, कुठली होडी? तो ढोल माझाच. मी सुपारी घेतली."

पाटलांनी ढोलाकडे पाहिलं, नदीकडे पाहिलं. "मग... आली की बुडाली?"

"ते ढोलाला काय ठाऊक? बसा इथे आणि नदीकडे बघा. आणि वन्संना सांगा, दिवस मावळेपर्यंत आमचा जावई ठरलेलाच."

पाटील नदीकडे तोंड करून बसले. ऊन उतरलं. पाटलीणबाई मनातल्या मनात गौरीचं नाव घेत राहिल्या. सूर्य डोंगराला टेकला आणि नदीच्या वळणावर होडी दिसली! गाळात रुतली होती म्हणे. वऱ्हाडी गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले, पण सगळे सुखरूप.

मुहूर्त तोंडावर आलेला आणि मांडवाचे खांब उपटलेले. ते पुन्हा रोवायला वेळ कुणाला? मंगलाष्टकं संपेपर्यंत एक खांब पाटलांनी कवटाळून धरला, दुसरा बाळ्याने. पाटलांचे हात थरथरले की मांडव डुले, आणि अक्षता भलत्यांच्याच डोक्यावर पडत. अंतरपाटाआड लेक हसू दाबत होती.

पाटलीणबाईंना गौर पावली, तशी ती तुम्हाआम्हाला पावो.

दोघांच्या सौद्यातून निघालेला भाव हा देवाचा कौल नसतो. त्याच्यावर विसंबून मांडव मोडण्याआधी पायऱ्यांवर उभं कोण आहे, ते बघून यावं.